ध्वनिवर्धकाची विद्या आणि आपलीं गांवें

लग्न असो, जयंती असो, भगवतीदेवीची यात्रा असो, कीं एखाद्या संस्थेची निवडणूक असो, आमच्या कोल्हारांत कार्याचा खरा आरंभ नारळानें होत नाहीं. तो "हॅलो, माईक टेस्टिंग" या शब्दांनीं होतो. ध्वनिवर्धक यंत्र पोहोंचलें नाहीं अशी वाडीवस्ती आतां प्रवरेच्या दोन्ही तीरांवर उरली नसावी. असें असूनही या यंत्राच्या पोटांत काय चालतें हें विचारलें, तर शंभरांतील नव्याण्णव जण गप्प राहतील असें आम्हांस वाटतें. यंत्र घरोघर आलें; विद्या मात्र वेशीबाहेर ताटकळत राहिली.

या विद्येविषयीं आमचें एक मत आहे, तें आम्ही प्रथमच सांगून टाकतों, म्हणजे वाचकांस तें शोधीत बसावें लागणार नाहीं. ध्वनिवर्धकाच्या इतिहासांत आवाज मोठा करण्याचे शोध लौकर लागले व सोपे ठरले. मिळालेल्या मोठेपणाचा बराचसा भाग सोडून देऊन आवाज खरा ठेवण्याचा शोध उशिरां लागला, आणि थोर तोच होय. आपल्या गांवांनीं यांतील पहिला अर्धा भाग विकत घेतला आहे. दुसरा अर्धा शाळेंतूनच येऊं शकेल.

प्रथम यंत्राचें स्वरूप पाहूं. ॲम्प्लिफायर आवाजाला बळ निर्माण करून देतो अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. आमच्या वाचकांस प्रवरेचा पाट ठाऊक आहे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. तेथून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रानें ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतें आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनीं उंसाच्या रानांत पोहोंचतें. कालव्याच्या दारावर पाटकरी चाक फिरवितो. त्याच्या मनगटाचें बळ तें किती! परंतु त्याच्या इच्छेप्रमाणें शेंकडों एकर भिजविणारा प्रवाह कमी-जास्त होतो. बळ धरणांतील सांठ्याचें, पाटकऱ्याची नुसती आज्ञा. ध्वनिवर्धकांत धरण म्हणजे विजेचा पुरवठा अथवा बॅटरी, आणि पाटकरी म्हणजे मायक्रोफोनमधून येणारी ती क्षीण विद्युत्-लहर. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन गृहस्थानें १९०६ सालीं, बहुतेक हवा काढून घेतलेल्या काचेच्या फुग्यांत, तापलेली तार व धातूचा पत्रा यांच्यामध्यें तारेची एक जाळी बसविली, तेव्हां विजेच्या पाटाला हें दार मिळालें. इंग्रज लोक या नळीला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, म्हणत. तें नांव आम्हांस फार समर्पक वाटतें. पुढें १९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर निघाला, तरी कल्पना तीच राहिली. दार लांकडाऐवजीं लोखंडाचें व्हावें, एवढाच तो फरक.

दार मिळाल्यावर आवाज वाढविणें कठीण राहिलें नाहीं. एका झडपेचा आवाज दुसरीस द्यावा, दुसरीचा तिसरीस. २५ जानेवारी १९१५ रोजीं न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को या दोन टोंकांच्या शहरांमध्यें टेलिफोन सुरू झाला, तो वाटेंतल्या अशाच वर्धकांच्या आधारानें. पण येथेंच अडचण दिसूं लागली. झडप आज्ञा पाळते, परंतु तंतोतंत पाळीत नाहीं; दहा पावलें सांगितलीं तर साडेनऊ चालते, वीस सांगितलीं तर अठरा. मुलांच्या कानगोष्टीच्या खेळांत पहिल्यानें सांगितलेलें वाक्य दहाव्याच्या तोंडून कसें बाहेर पडतें, हें सर्वांस माहीत आहे. तारेच्या वाटेवर वर्धक जितके अधिक, तितकी विकृति अधिक. आणि एकाच तारेवरून अनेकांचीं संभाषणें एकदम पाठवावयाचीं ठरविलीं, तेव्हां तर एकाचे शब्द दुसऱ्याच्या कानांत शिरूं लागले.

मध्यंतरीं एडविन आर्मस्ट्राँग या कोलंबिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें १९१२ सालीं दुसरीच एक युक्ति काढली होती. वर्धकांतून बाहेर पडलेल्या लहरीचा थोडा भाग परत त्याच्या तोंडांत, तिच्याच दिशेनें, घातला, तर ती पुनः वाढून येते, आणि एकच नळी अनेक नळ्यांचें काम करिते. मर्यादा ओलांडली कीं मात्र नळी आपण होऊन शीळ घालूं लागते. ही शीळ आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. स्नेहसंमेलनांत माईक कर्ण्यासमोर आला म्हणजे जो कर्कश चीत्कार उठून सर्वजण कानांवर हात ठेवतात, ती हीच. या शोधाच्या मालकीवरून आर्मस्ट्राँग व डी फॉरेस्ट यांच्यांत वर्षानुवर्षें दावा चालला आणि १९३४ सालीं अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल डी फॉरेस्टच्या बाजूनें दिला. आर्मस्ट्राँगनें या शोधाबद्दल मिळालेलें पदक परत करूं म्हटलें, तेव्हां इंजिनियरांच्या संस्थेनें तें घेण्याचें साफ नाकारलें. न्यायाधीशांपेक्षां त्या मंडळींस सर्किट अधिक कळत होतें, असें आमचें मत आहे.

आतां मुख्य शोधाकडे येऊं. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र उघडलें व आपल्या प्रांतांत रीतसर नभोवाणी सुरू झाली. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनीं, २ ऑगस्टच्या सकाळीं, हॅरॉल्ड ब्लॅक नांवाचा २९ वर्षांचा इंजिनियर न्यूयॉर्कजवळ हडसन नदी ओलांडून कामावर चालला होता. लॅकवाना कंपनीच्या त्या नावेवर त्याला एकाएकीं एक विचार सुचला, आणि जवळ दुसरा कागद नसल्यामुळें त्यानें तो हातांतील न्यूयॉर्क टाइम्सच्या एका पानावर मांडून ठेवला. बेल प्रयोगशाळेंत तो कित्येक वर्षें टेलिफोनमधील विकृतीच्या मागें लागला होता. त्याचा विचार असा: वर्धकांतून बाहेर आलेल्या लहरीचा ठराविक अंश परत आणावा, पण आर्मस्ट्राँगप्रमाणें तिच्या दिशेनें न घालतां उलट घालावा, म्हणजे आंत येणाऱ्या लहरींतून तो वजा होईल. उरेल ती केवळ चूक. आणि वर्धक त्या चुकीचेंच निवारण करील.

पाटाच्या भाषेंत सांगावयाचें तर, पाटकऱ्यानें दारावरच उभें न राहतां शेवटच्या शेतांतील पाण्याची उंची पाहून यावी व त्या मानानें चाक फिरवावें. दार थोडें वांकडें असो, झिजलेलें असो, धरणांतील पाणी खालीं गेलेलें असो, शेतांत पाणी ठरल्याप्रमाणें राहील.

यांत किती गमवावें लागतें व किती मिळतें, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः आंकडे मांडून पाहावें. एक वर्धक मूळचा १,००,००० पट वाढविणारा आहे असें धरा. बाहेर आलेल्या लहरीचा शंभरावा भाग उलट परत दिला, तर एकंदर वाढ १,००,००० भागिले १,००१, म्हणजे ९९.९ पट उरते. लाखाचे शंभर झाले! हें दिवाळें नव्हे काय? पण आतां नळ्या जुन्या होऊन त्यांची मूळ वाढ निम्म्यावर, ५०,००० वर, आली असें समजा. ५०,००० भागिले ५०१, म्हणजे ९९.८. यंत्राचें निम्में बळ गेलें तरी निकालांत हजारांत एकाचा फरक पडला. झडपेच्या स्वभावावर अवलंबून असलेलें काम आतां परत देण्याच्या त्या शंभराव्या भागावर, म्हणजे दोन साध्या विद्युत्-रोधांच्या प्रमाणावर, येऊन ठरलें; आणि ते रोध झडपेसारखे लहरी नसतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्लॅकनें प्रत्यक्ष वर्धकांतील विकृति लाखपट कमी करून दाखविली.

लोकांस हें पटलें नाहीं. इतक्या खटाटोपानें मिळविलेली वाढ मुद्दाम फुंकून टाकणारा मनुष्य शहाणा कसा? अमेरिकन पेटंट कचेरीनें १९२८ चा अर्ज १९३७ च्या डिसेंबरांत मान्य केला. आणि इंग्लंडांतील कचेरीनें आपला अर्ज सततगति यंत्राच्या अर्जासारखा वागविला, असें ब्लॅकनेंच पुढें सांगितलें आहे. त्याच्या सहकाऱ्यांपैकीं नायक्विस्ट यानें १९३२ सालीं, उलट परत दिलेली लहर वाटेंतील विलंबामुळें सुलट होऊन शीळ केव्हां उठेल, याचें गणित बांधून दिलें, तेव्हां ही विद्या पक्क्या पायावर उभी राहिली. आज टेलिफोन, रेडिओ, मोबाईल, वजनकांटा, दवाखान्यांतील हृदयाची नोंद घेणारें यंत्र, यांपैकीं कोणतेंही उघडा, ब्लॅकचें तें वर्तमानपत्राचें पान आंत सांपडेल.

आतां आपल्या मंडपांत परत येऊं. यंत्र मांडून झाल्यावर पहिली आज्ञा होते, "मोठा कर." दुसरी होते, "अजून मोठा कर." सर्व खुंट्या शेवटपर्यंत पिळल्यावर तिसरी आज्ञा होते, कीं शेजारच्या मंडळाचा याहून मोठा आहे, तर आणखी एक कर्णा लावा. यंत्राची तांकद संपली म्हणजे लहरीचा माथा व पायथा सपाट कापला जातो. धरणांत आहे त्याहून अधिक पाणी पाटांत येणार कोठून? अशी कापलेली लहर कानास करवतीसारखी लागते. गवयाचा गळा आणि भांड्यांचा खडखडाट यांत भेद उरत नाहीं. स्पीकरमधील तारेची गुंडाळीही तापून जळते. सामान भाड्यानें देणाऱ्यांस विचारावें, ते खर्चाचा आंकडा सांगतील.

आवाज मोजण्याच्या मापास डेसिबल म्हणतात, आणि त्याची मेख पुष्कळांस ठाऊक नसते. दर दहा डेसिबलांस शक्ति दहापट होते. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, इस्पितळें व न्यायालयें यांच्या भोंवतीं १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रांत ती ५० व ४० आहे. आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. ५५ च्या जागीं एखाद्यानें १०५ डेसिबल केले, तर तो नियम दुपटीनें मोडीत नसून लाखपटीनें मोडीत असतो. ब्लॅकनें खोट लाखपट उतरविली. आम्ही गोंगाट लाखपट चढविला.

आम्हांस कोणी म्हणेल, वर्षांतून चार दिवस लोक आनंद करितात, त्यांत ही मास्तरी कशाला? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पूर्वीं सभेंत पुढच्या दोन ओळींतील मान्यवरांसच वक्त्याचे शब्द ऐकूं येत. शेवटीं बसलेल्या बायकांस व मजुरांस ते प्रथम या यंत्रानें पोहोंचविले. हा उपकार लहान नव्हे, आणि ज्यांस कोणी ऐकत नव्हतें त्यांनीं कर्णा मिळतांच तो मोठा केला, यांत नवल नाहीं. पण ज्या घरांत तान्हें मूल आहे, ज्या घरांत म्हातारा आजारी आहे, ज्या घरांत दहावीची मुलगी एकाच खोलीच्या कोपऱ्यांत पुस्तक घेऊन बसली आहे, तें घरही याच गांवांत आहे. आणि कान एकदां गेला म्हणजे परत येत नाहीं. आंतल्या कर्णशंखांतील सूक्ष्म केशपेशी मेल्यावर माणसांत पुनः उगवत नाहींत.

कान गेलेल्यांसाठींही हीच विद्या धांवून आली, हें येथें सांगितलें पाहिजे. ट्रान्झिस्टर ग्राहकांच्या हातीं प्रथम गेला तो रेडिओंतून नव्हे; १९५२ च्या अखेरीस अमेरिकेंत तो बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांतून विक्रीस आला, आणि ट्रान्झिस्टरचा रेडिओ त्यानंतर दोन वर्षांनीं निघाला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा बहिऱ्यांचा शिक्षक होता. त्याच्या स्मरणार्थ बेल कंपनीनें श्रवणयंत्रांसाठीं आपला पेटंटाचा हक्क-पैसा सोडून दिला. यंत्र तेंच, विद्या तीच.

ही विद्या किती नाजूक होऊं शकते हें पाहण्यासाठीं अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं. संगमनेरावरून पुण्याच्या वाटेला लागावें. नारायणगांवाजवळ, जुन्नर तालुक्यांत, खोडद हें गांव आहे. एका दिवसांत जाऊन येतां येतें. तेथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ खगोल केंद्राची महाकाय दुर्बीण आहे. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. त्यांतील १४ मध्यभागीं जवळजवळ व १६ तीन फांट्यांवर दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांनीं ती उभारविली व ४ ऑक्टोबर २००१ रोजीं ती जगांतील शास्त्रज्ञांस अर्पण करण्यांत आली. पत्र्याच्या जड थाळ्यांचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून त्यांनीं पोलादी दोरांवर तारेची बारीक जाळी ताणून थाळी केली. वाऱ्याला वाट मिळाली आणि पैसाही वांचला.

आकाशांतून येणाऱ्या या लहरींचें माप जान्स्की या नांवानें ओळखतात. कार्ल जान्स्की हाही बेल प्रयोगशाळेंतला तरुण. टेलिफोनमधील खरखर कोठून येते याचा तपास करीत असतां ती आकाशगंगेकडून येते असें त्यानें १९३३ सालीं जाहीर केलें. एक जान्स्की तीव्रतेचा पदार्थ घ्या. एका थाळीचें सुमारें १,००० चौरस मीटर क्षेत्र कामास येतें व ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकावयाचा आहे, असें धरा. गुणाकार केला तर थाळीस मिळणारी शक्ति एका वॅटचे, एकावर पंधरा शून्यें इतके, भाग केल्यास त्यांतील एका भागाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी निघते. उलट, खोलीच्या सामान्य उष्णतेंत पडलेला कोणताही विद्युत्-रोध केवळ उष्ण असल्यामुळें जी खरखर करितो (१९२८ सालीं जॉन्सन व नायक्विस्ट यांनीं ती मोजली व तिचें गणित दिलें), ती तेवढ्याच पट्ट्यांत याच्या सुमारें ४०० पट असते. म्हणजे चारशें माणसांच्या कल्लोळांत एकाची कुजबूज ऐकणें.

येथें नुसतें मोठें करून काय होणार? मोठें केलें तर कुजबुजीबरोबर कल्लोळही तितकाच वाढेल. म्हणून थाळीपाशीं बसविलेला पहिला वर्धक अत्यंत कमी खरखरीचा असावा लागतो. पुढील वर्धक कितीही दांडगे असले तरी पहिल्याची खरखर ते काढूं शकत नाहींत, हें फ्रिस यानें १९४४ सालीं सूत्ररूपानें मांडलें. त्यापुढें दुसरी युक्ति. प्रत्येक थाळीची खरखर तिची स्वतःची असते, पण ताऱ्याचा संदेश सर्वांस समान असतो. दोन थाळ्यांच्या लहरींचा गुणाकार करून दीर्घ वेळ सरासरी घेतली, तर खरखर आपसांत विरून जाते व समान तेवढें उरतें. तीस थाळ्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. त्या सर्वांचा हिशेब संगणक क्षणोक्षणीं ठेवतो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें शियापारेली हें यान मंगळावर उतरत होतें, तेव्हां त्याची क्षीण हांक खोडदनें ऐकली. प्रकाशासही सुमारें पावणेदहा मिनिटें लागतील इतक्या अंतरावरून ती येत होती. उतरण्यापूर्वीं थोडा वेळ ती एकाएकीं थांबली. यान आपटून फुटलें होतें.

ज्याला असें ऐकावयाचें, त्याला भोंवतालीं शांतता लागते. आणि शांततेची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. पुणें-नाशिक नव्या लोहमार्गाची नारायणगांवावरून केलेली आखणी अलीकडे या दुर्बिणीच्या कारणानें अडली व मार्ग अहिल्यानगर-शिर्डीकडून नेण्याचा विचार पुढें आला. जुन्नर व संगमनेरकडील लोकांस याचा राग यावा हें स्वाभाविक आहे. आम्ही नगर-मनमाड रस्त्यावरचे लोक. मार्ग इकडून आला तर लाभ आमचाच, म्हणून या वादांत आमच्या शब्दास वजन नाहीं, हें आम्ही जाणतों. एवढेंच म्हणतों कीं, ज्या तालुक्यांनीं शांततेसाठीं गैरसोय सोसली, त्यांच्या मुलांस त्या दुर्बिणीची विद्या इतरांआधीं मिळाली पाहिजे.

आणि आमच्या मुलांसही. नियम आहेत, पोलीस आहेत, दंड आहे. तरी कर्णे वाजतातच, कारण खुंटीशीं बसलेल्या मुलास खुंटी म्हणजे केवळ "मोठा" व "लहान" एवढेंच ठाऊक असतें. त्याच मुलानें स्वतःच्या हातानें एक वर्धक जोडला असता, परत देण्याचा रोध काढून तो कसा फाटक्या आवाजांत ओरडतो व रोध बसवितांच कसा शुद्ध बोलूं लागतो हें एकदां ऐकलें असतें, तर तो खुंटी आपण होऊन मागें घेईल, अशी आमची समजूत आहे. याला फार पैसा लागत नाहीं. १९६८ सालीं डेव्हिड फुल्लगार यानें आंखलेली ७४१ नांवाची आठ पायांची चकती अद्याप बाजारांत मिळते, व तिची किंमत चहाच्या एक-दोन पेल्यांपेक्षां अधिक नसते. तिची मूळ वाढ सुमारें दोन लाख पट असते. म्हणजे वर दिलेलें गणित मुलांस टेबलावर प्रत्यक्ष करून पाहतां येईल. एक-दोन डझन चकत्या, रोधांची पुडी, नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, दोन सोल्डरिंग कांड्या, एवढ्यावर एका वर्गाचें वर्ष निघेल. मुलींस यांतून वगळूं नये. बारीक डाख देण्याच्या कामांत त्यांचा हात मुलांहून स्थिर असतो असा आमचा अनुभव आहे.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनीं खोडद येथें दुर्बीण लोकांस दाखवितात व शाळांच्या मुलांनीं केलेल्या उपकरणांचें प्रदर्शनही तेथें भरतें. वरील चकत्यांवर केलेलीं दोन-चार यंत्रें घेऊन आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या दिवशीं तेथें जावें, अशी आमची सूचना आहे. एका मोटारीचा खर्च येईल; एका मिरवणुकीच्या कर्ण्यांच्या भाड्यांत तो भागावा.

ज्यांच्या माळ्यावर बंद पडलेले ट्रान्झिस्टर रेडिओ अथवा टेपरेकॉर्डर धूळ खात असतील, त्यांनीं ते शाळेंत आणून द्यावे. चालू नसले तरी चालतील. व्हॉल्व्हचे जुने रेडिओ मात्र मुलांच्या हातीं देऊं नयेत, शिक्षकांपाशीं द्यावे. त्यांच्या पोटांत दोन-अडीचशें व्होल्टांचा दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो कांहीं वेळ राहतो.